फाईल समोर दिसतेय, तरी म्हणे ‘सापडत नाही’

सपोर्टच्या कामाला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. एका ग्राहकाच्या ईआरपीत (कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्सेलमधून बिलं आत घ्यायला गेलं की एरर यायची: ‘एसीई ओएलईडीबी १२.०’ हा प्रोव्हायडर या मशीनवर रजिस्टर केलेला नाही. प्रोव्हायडर म्हणजे एक्सेलच्या फाइली दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचू देणारा भाग. मी सर्व्हरवर एक्सेल उघडून पाहिलं, झकास चालत होतं. एक्सेल आहे म्हणजे प्रोव्हायडर असणारच, मग घोळ ईआरपीचाच, असं ठरवून मी अख्खं ईआरपी काढून पुन्हा टाकलं. चार तास गेले. एरर जशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी सीनियरने एवढंच विचारलं, “अगं, पण शोधतंय कोण?” तिने टास्क मॅनेजर उघडला, डिटेल्स टॅबमध्ये ‘प्लॅटफॉर्म’ हा कॉलम चालू केला. ईआरपी ज्यात चालत होतं ती आयआयएसची (विंडोजच्या वेब सर्व्हरची) प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, ६४ बिट, एक्सेल ३२ बिट. एकाच मशीनवर दोन्ही प्रकार चालतात, पण एकाचे भाग दुसऱ्याला थेट वापरता येत नाहीत. ३२ बिट ऑफिसबरोबर आलेला प्रोव्हायडर ६४ बिट प्रोसेसला दिसतच नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या जागी असतात. म्हणजे मशीनवर प्रोव्हायडर होता, पण जो मागत होता त्याच्यासाठी नव्हता.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी हाच प्रश्न आधी विचारायला सांगते. कुठली प्रोसेस शोधतेय, कुठल्या युजरच्या नावाने चालतेय, किती बिटची आहे. तुम्ही लॉगिन करून तपासता ते तुमच्या नावाने. सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) चालते दुसऱ्याच अकाउंटवर, तिच्या परवानग्या वेगळ्या. विंडोजने नावांचाही गोंधळच घालून ठेवलाय: ६४ बिटच्या फाइली ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये आणि ३२ बिटच्या ‘सिसवाऊ६४’मध्ये. उलटं वाटतं, पण तसंच आहे. ओडीबीसीच्या (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीच्या) सेटिंगचे प्रोग्रामही दोन, दोघांचं फाईलनेम एकच. एकात डीएसएन (त्या जोडणीची नाव देऊन साठवलेली माहिती) बनवायचा आणि सॉफ्टवेअरने दुसऱ्यात शोधायचा, हे मी स्वतः करून बसलेय.

दुसरी गोष्ट, एररमध्ये ज्या डीएलएलचं (प्रोग्रामला लागणाऱ्या कोडच्या फाईलचं) नाव येतं ती हरवलेली असेलच असं नाही. ‘किंवा तिच्या डिपेंडन्सीपैकी (तिला स्वतःला लागणाऱ्या फाइलींपैकी) एखादी’ हे एररचं शेपूट लोक वाचत नाहीत, आणि बरेचदा खरा गुन्हेगार तिथेच असतो. अशा वेळी प्रोसेस मॉनिटर (कुठला प्रोग्राम कुठली फाईल मागतोय ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) लावा. आपल्या प्रोसेसचा फिल्टर टाका, एरर येऊ द्या, मग ‘नेम नॉट फाउंड’च्या ओळी बघा. शेकडो निघतील, घाबरू नका. विंडोज एकच फाईल एकेका फोल्डरमध्ये शोधत जातं, त्यामुळे बहुतेक ओळी निरुपद्रवी असतात. जी फाईल सगळीकडे शोधून कुठेच मिळाली नाही, ती तुमची. ‘व्हीसीरनटाइम१४०’ निघाली तर व्हिज्युअल सी++चं रीडिस्ट्रिब्युटेबल (अशा फाइलींचा तयार संच) मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या. २०१५ ते २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांना एकच चालतं, फक्त एक्स८६ (३२ बिट) की एक्स६४ (६४ बिट) ते पाहून. डीएलएल फुकट वाटणाऱ्या साइटवरून सुटी फाईल आणून टाकण्याच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे. आवृत्ती कुठली, आत काय भरलंय, कशाचाच पत्ता नसतो.

जावावाल्यांसाठी थोडक्यात: ‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन’ आलं तर क्लासपाथ (जावा क्लास जिथे शोधतं त्या जागांची यादी) बघा. ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ आली तर लॉगमध्ये वर सरका. तोच क्लास आधी एकदा सुरू होतानाच कोसळलेला असू शकतो, आणि जार (क्लास ज्यात भरलेले असतात ती फाईल) जागच्या जागी असते.

तर ते बिलांचं प्रकरण. ६४ बिटचं डेटाबेस इंजिन (ज्यात तो प्रोव्हायडर येतो) टाकायला गेलो, तर ३२ बिटचं ऑफिस आहे म्हणून इन्स्टॉलरने नकार दिला. मग आयआयएसच्या ॲप्लिकेशन पूलला (ईआरपीची प्रोसेस ज्या सेटिंगवर चालते त्या गटाला) ३२ बिटची परवानगी दिली. बिलं आत येऊ लागली, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद केलं. दोन दिवसांनी त्याच ग्राहकाचा फोन: रिपोर्ट छापले जात नाहीत, कुठलीतरी डीएलएल सापडत नाही म्हणतंय. रिपोर्टचा रनटाइम (रिपोर्ट चालवायला लागणाऱ्या फाइली) फक्त ६४ बिटचा टाकलेला होता, आणि पूल आता ३२ बिटचा झाला होता. शेवटी बिलं आत घेण्याचा भाग वेगळ्या पूलमध्ये काढला, मूळ पूल पुन्हा ६४ बिटवर नेला, आणि तिकिटात कुठला पूल किती बिटचा नि का, ते लिहून ठेवलं.