व्हिक्टोरियन टी-गाऊन घरी कसा शिवायचा

दिसायला हा गाऊन खांद्यावरून नुसता सोडून दिल्यासारखा वाटतो. म्हणून सैल बेतायला जाल, तर हाती मॅक्सी येईल! १८८० च्या दशकात इंग्लंडमधल्या बायका दुपारच्या चहाला घरी टी-गाऊन घालत, कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी आतली चोळी, सैल करून किंवा काढूनच. मग आकार कुठून यायचा? आतल्या घट्ट अस्तरातून. खरं काम तिथेच आहे.

कापड : ४४ इंची पन्ह्याचं आठ-नऊ मीटर, अंगावर पडणारं. पातळ लोकरी उत्तम. कोयऱ्यांची छपाई मिळाली तर सोडू नका. शालींची फॅशन ओसरल्यावर तिकडे जुन्या काश्मिरी शालींचेही घरगुती गाऊन बेतले गेले.

अस्तर : मांजरपाटाचं, कमरेखाली चार-पाच बोटं येईल एवढं. पुढे दोन्ही बाजूंना टक्स घ्या, मधोमध हूक लावा. आधी कच्चं शिवून घालून बघा. हात वर केल्यावर काखेत ओढलं, तर मुंढा आताच दुरुस्त करा, नंतर उसवायला जीव होत नाही.

पाठ : मानेपासून जमिनीपर्यंत मोकळ्या सुटणाऱ्या वातो प्लेट्स हीच या गाऊनची शान. अठराव्या शतकातली फ्रेंच तऱ्हा व्हिक्टोरियन बायकांनी पुन्हा उचलली. नाव चित्रकार आंत्वान वातोचं. पाठीचं कापड दुमडून कापताना मधल्या घडीकडे ६ इंच जादा ठेवा, म्हणजे उलगडल्यावर १२ इंच मिळतात. त्यात तीन-तीन इंचांच्या दोन बॉक्स प्लेट्स (दोन्ही कडा खाली दुमडलेल्या चपट्या चुण्या) बसतात. गळ्यापासून सहाएक इंच त्या अस्तराला हातशिलाईने पक्क्या करा. पुढे टाका घालू नका, इस्त्रीही नको.

पुढची बाजू : दोन्ही पल्ले उघडे. त्यांच्यामधून गळ्यापासून खालपर्यंत वेगळ्या रंगाचा चुणीदार पट्टा सोडतात. तो उजव्या अस्तराला शिवायचा आणि डावीकडे हुकांनी अडकवायचा. हूक पल्ल्याखाली झाकले जातात, गाऊन कुठून उघडतो ते कळत नाही.

बाह्या कोपरापर्यंत, टोकाला लेस. १८९५ च्या सुमाराचा गाऊन हवा असेल, तर मात्र खांद्याशी भरपूर फुगा द्या.

घेर दुमडण्याआधी गाऊन रात्रभर टांगून ठेवा. तिरके भाग लोंबतात. मागे थोडा लोळ ठेवणार असाल, तर कडेला आतून जाड फीत लावा. फरशीवर घासून आधी तीच झिजेल आणि बदलताही येईल.