मोत्या आणि ओल्या कचऱ्याचा डबा

इंदूरकरांना ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची सवय आता अंगवळणी पडली आहे. पण ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना तिचा एक ताप आहे. सगळे वास एकाच डब्यात साठतात, कचरागाडी येते सकाळी, म्हणजे डबा रात्रभर घरातच. आमचा मोत्या, जातीने लॅब्रेडॉर, सुक्या डब्याकडे ढुंकूनही बघत नाही.

त्याचं पोट भरत नाही असं सासूबाईंना वाटतं. भरतं हो! पण उष्टं हुंगणं कुत्र्याच्या रक्तातच आहे, त्यात लॅब्रेडॉर म्हणजे खादाड. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण पाव हिस्सा लॅब्रेडॉरांमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशी कुत्री खाण्याच्या जास्तच मागे असतात. त्यातून एकदा डब्यात पोळी सापडली की संपलं. मग रोज तपासणी.

सकाळी पसारा बघून ओरडण्यात अर्थ नाही. तो कान पाडून बसतो आणि आपण म्हणतो, "कळतंय मेल्याला सगळं." अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये हे तपासलं होतं. ज्यांनी काहीच केलेलं नव्हतं ती कुत्रीही ओरडा बसला की तसाच चेहरा करत होती.

तेव्हा डब्यात त्याला काही मिळताच कामा नये. पायाने दाबून उघडायचा डबा घेऊ नका, मोठं कुत्रं ती युक्ती शिकतं. डबा ओट्याखालच्या कपाटात ठेवा आणि दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते लॉक लावा. हाडं आणि भुट्ट्याची रिकामी कणसं झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये, सकाळी थेट गाडीत. कणसांना सासूबाईंची हरकत नाही, हाडांवर वाटाघाटी चालू आहेत. मिरपूड, तिखट शिंपडू नका. त्याच्या नाकाडोळ्यांची आग होते.

"सोड" शिकवा. मुठीत बिस्किट धरा. तो चाटेल, पंजा मारेल, मूठ उघडू नका. नाक मागे घेतलं त्याच क्षणी "सोड" म्हणून दुसऱ्या हातातून खाऊ द्या. तोंडात काही असेल तर मागे धावू नका, घाईने गिळून टाकतो. पनीरचा तुकडा दाखवून अदलाबदल करा.

पावसाळ्यात जास्त सांभाळा. घरोघरी भुट्ट्याचा कीस होतो आणि कणसं उरतात. ती पचत नाहीत, आतड्यात अडकतात. आंब्याच्या कोयीचंही तेच. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या टोचतात. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर विषच. असलं काही गेल्याचं कळलं की लगेच डॉक्टरांना फोन करा, उलट्यांची वाट बघू नका. मीठ पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय नको, तो जिवावर बेततो. आणि भूक एकाएकी वाढली, पाणीही जास्त प्यायला लागला, तर रक्त-लघवी तपासून घ्या, मधुमेह असू शकतो.