अर्ध्यावर अडलेली गोधडी पुरी कशी करावी

ट्रंकेत किंवा माळ्यावर घडी घालून ठेवलेली अर्धी गोधडी पुन्हा हातात घेताना पहिल्याच दिवशी शिवायला बसू नका. आधी ती जमिनीवर पूर्ण पसरा आणि शेवटचा टाका कुठे थांबलाय ते बघा. बहुतेक वेळा काम आळसाने थांबलेलं नसतं. मधोमध फुगा आलेला असतो, किंवा सुई जात नसते, किंवा दोरा संपलेला असतो, नाहीतर कडा कशी बंद करायची ते सुचलेलं नसतं. नुसतं ‘रोज थोडं थोडं शिवू’ असं ठरवलं तर गोधडी चार दिवसांनी परत त्याच टाक्यावर अडते.

पसरल्यावर आतली कापडं तपासा. उघड्या बाजूने एकेक थर उजेडात धरा आणि दोन अंगठ्यांनी हलकेच ताणून बघा. चर्रकन आवाज आला तर ते कापड विरलंय. ते आतल्या थरात चालेल, पण वरच्या किंवा खालच्या थराला असेल तर त्यावर आत्ताच ठिगळ लावा. सुई टोचून ठेवलेली असेल तर तिथे गंजाचा डाग पडलेला असतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबू-मीठ लावून तासभर उन्हात ठेवलं की तो फिका होतो. रंगीत कापडावर हे करू नका, रंगही जातो.

मग हिशेब मांडा. एका माणसाची गोधडी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब धरली आणि धावदोऱ्याच्या ओळी एकेक इंचावर घातल्या, तर ६० ओळी होतात. म्हणजे जवळपास १३७ मीटर शिवण. टाके वरखाली जात असल्यामुळे दोरा याच्या सव्वापट ते दीडपट लागतो, तेव्हा २०० मीटर दोरा आधीच घेऊन ठेवा. ९० इंचांची एक ओळ घालायला सरावाच्या हातालाही पंधरा-वीस मिनिटं लागतात. साठ ओळींचे १५ ते २० तास झाले, नव्या हाताला त्याच्या दुप्पट. हा आकडा आधी माहीत नसतो म्हणून सुट्टीत सुरू केलेली गोधडी सुट्टीबरोबरच थांबते. ओळींतलं अंतर दोन इंच केलं तर काम निम्म्यावर येतं. आत जुन्या साड्या असतील तर दोन इंच अंतर पुरतं, कारण अखंड साडी आतल्या आत गोळा होत नाही. आत सुटे तुकडे किंवा कापूस असेल तर मात्र ओळी जवळच हव्यात.

आता मधला फुगा. गोधडी अर्धवट राहण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत येत शिवलं की प्रत्येक टाक्याबरोबर वरचा थर केसभर पुढे ढकलला जातो. दहा-बारा फेऱ्यांत ते सगळं जास्तीचं कापड मध्यभागी जमा होतं आणि शेवटच्या हातभर जागेत पोळीसारखं फुगून बसतं. वरचा थर नायलॉन किंवा जॉर्जेटच्या साडीचा असेल तर हे हमखास होतं, कारण ते कापड घसरतं.

फुगा अर्ध्या इंचापेक्षा कमी उचलला जात असेल तर उसवायची गरज नाही. त्या जागेवर आधी मध्यातून जाणाऱ्या दोन ओळी अधिक चिन्हासारख्या घाला, मग चारही चौकोन वेगवेगळे शिवा. फुगवटा चार ठिकाणी वाटला जातो आणि धुतल्यावर दिसत नाही. जास्त असेल तर सगळ्यात आतल्या तीन-चार फेऱ्या उसवा, वरच्या थराला फुगवट्याच्या मधोमध सरळ चीर द्या, दोन्ही कडा एकमेकींवर सरकवून कापड सपाट करा, टाचण्या लावा आणि वर चौकोनी ठिगळ बसवा. ठिगळाच्या कडा पाव इंच आत दुमडा. गोधडीवरच्या ठिगळात वावगं काही नाही. समोरासमोर आणखी दोन ठिगळं लावली की ते नक्षीत जमा होतं. फुगा मागच्या बाजूला असेल तर हेच उलट्या बाजूने करा.

पुढची शिवण घालण्याआधी न शिवलेल्या भागाला कच्चे टाके घाला. आधी कितीही टाचण्या लावल्या असल्या तरी हे टाळू नका. खालचा थर फरशीवर पसरून कडा चिकटपट्टीने चिकटवा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणलं तर पट्टी काढल्यावर ते आकसतं आणि वरच्या थराला चुण्या पडतात. एकेक थर हाताने मध्यापासून बाहेर निपटत पसरा आणि कच्चे टाकेही मध्यापासून कडेकडे घाला. दोन कच्च्या ओळींत चार ते सहा इंच अंतर पुरे. टाचण्यांवर भागत नाही, कारण गोधडी मांडीवर घेतली की त्या सरकतात आणि टोचतात.

सुई जात नसेल तर आधी थर मोजा. मऊ सुती साडीचे चार ते सहा थर हाताने नीट शिवता येतात. सात-आठ झाले, किंवा मध्ये चादर अथवा जीन्सचं कापड आलं, की प्रत्येक टाका ओढून काढावा लागतो आणि मनगट दुखायला लागतं. दाभणाने शिवू नका, भोकं मोठी पडतात आणि विरलेलं कापड तिथूनच फाटतं. दीड-दोन इंचांची, बारीक अंगाची पण मोठ्या नेढ्याची सुई घ्या. मधल्या बोटात अंगुस्तान घाला आणि सुई ओढायला फुटक्या रबरी फुग्याचा तुकडा चिमटीत धरा, सुई घसरत नाही. एक थर काढून टाकता येत असेल तर खुशाल काढा.

दोरा जाड सुती हवा. जुन्या कापडाला चिवट पॉलिस्टरचा दोरा नको. ताण आला की दोरा टिकतो आणि कापड फाटतं. एका वेळी हातभर, म्हणजे १८ ते २४ इंचच दोरा ओवा. लांब दोऱ्याने वेळ वाचत नाही, तो पिळला जातो आणि गाठी पडतात. मेणावरून एकदा ओढून घेतला तर गुंता कमी होतो. बसण्याआधी आठ-दहा सुयांत दोरा ओवून त्या एका जाड कापडात टोचून ठेवा. चष्मा शोधणं आणि दोरा ओवणं यातच बैठक मोडते. तोच रंग मिळत नसेल तर जवळचा रंग शोधत बसू नका, तो फसल्यासारखाच दिसतो. उठून दिसणारा दुसरा रंग घ्या आणि उरलेल्या ओळी त्याच्या घाला.

मशीनवर पुरी करायची असेल तर १६ नंबरची नवी सुई लावा, थर जाड असतील तर १८ नंबरची. टाका ३ ते ४ मिलिमीटर ठेवा आणि मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाचा दाब कमी करा. खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होत असेल तर सगळे बॉबिन तपासत बसतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. मशीनचा तो पाय वर उचलून वरचा दोरा पुन्हा ओवा, म्हणजे तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसेल. टाके सुटत असतील तर सुई वाकलेली किंवा उलटी बसलेली आहे. खरी अडचण मात्र जागेची. घरच्या मशीनच्या सुईपासून खांबापर्यंत साधारण सहा-सात इंचच मिळतात, तेवढ्यात गोधडीची अर्धी गुंडाळी बसत नाही. म्हणून नवी गोधडी मशीनवर करायची तर २० इंच रुंदीचे तीन पट्टे वेगवेगळे शिवून घ्या. मग पट्टे कडेला कडा लावून ठेवा आणि सांध्यावर दोन्ही बाजूंनी अडीच इंचांची पट्टी, तिच्या कडा अर्धा इंच आत दुमडून, शिवा. शिवण दोन्ही पट्ट्यांच्या सगळ्या थरांतून गेली पाहिजे, नाहीतर ओली गोधडी उचलताना सांधा उसवतो.

कडेपाशी कंटाळा येतो, कारण तोवर उत्साह संपलेला असतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूर भागात राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवताना सुरुवातच कडेपासून करतात आणि फिरत फिरत मध्यावर येतात, त्यामुळे त्यांना शेवटी गोट लावावा लागत नाही. आपल्या अर्ध्या गोधडीची कड उघडी असेल तर मधलं काम तसंच ठेवून आधी कड बंद करा. धागे सुटायचे थांबतात आणि गोधडी पांघरता येते. मधल्या ओळी मग सवडीने. ६० बाय ९० ची कड ३०० इंच भरते. कोपरे आणि जोड धरून ३१२ इंच पट्टी लागते. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंचांच्या आठ पट्ट्या निघतात, म्हणजे ६० सेंटिमीटर कापड पुरतं. नऊवारीचे धड काठ असतील तर विकतचं कापड हवं कशाला? काठाची वीण घट्ट असते आणि कडच सगळ्यात आधी झिजते. रंग जातो का ते मात्र ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा.

एवढं करूनही हात लागत नसेल तर गोधडी लहान करा. एका बाजूने ओळी घालत आला असाल, तर शिवलेल्या भागाच्या शेवटी मशीनची दुहेरी टीप मारा आणि तिच्या बाहेर एक इंच सोडून कापा. टीप न मारता कापलं तर सगळे धावदोरे सुटतील. ३६ बाय ३६ चा तुकडा बाळाच्या दुपट्याला पुरतो, १८ बाय १८ चं बसकर होतं. दुपट्यात एकही थर नायलॉनचा नको. कडेपासून गोल आत शिवत आला असाल तर मात्र हा मार्ग बंद, कारण मधला भाग रिकामाच असतो.

कापून ठेवलेले कुर्ते-ब्लाउज याच ट्रंकेत सापडतात. त्यांच्यासाठी शिवण्याआधी मापं पुन्हा घ्या, आणि खडूच्या खुणा पुसल्या असतील तर पुढचा-मागचा भाग आणि उजवी-डावी बाही चिकटपट्टीवर लिहून लावा. फॉल लावायचा राहिलेल्या साड्या असतील तर फॉल आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आकसून काठाला चुण्या पाडतो.

पुरी झालेली गोधडी पहिल्यांदा गार पाण्यात, एकटीच धुवा. कच्चे टाके त्याआधी काढा, नंतर ते दोऱ्यांत अडकतात. पिळू नका, बादलीच्या कडेवर दाबून पाणी काढा. एका दोरीवर घडी घालून टाकली तर ओल्या वजनाने मधली शिवण ताणली जाते. दोन दोऱ्यांवर आडवी पसरा आणि ऊन असेल त्याच दिवशी धुवा, पावसाळ्यात आतला थर ओला राहून वास धरतो.