गळू पुन्हा पुन्हा होत असेल, तर गोळी बदलण्याआधी काय करावे

मे महिन्यातल्या दमट उकाड्यात मानेवर, काखेत किंवा मांडीवर गळू उठले, की ठाण्यातल्या कित्येक घरांत दोन उपाय ठरलेले असतात: ऊन पाण्याचा शेक द्यायचा, आणि केमिस्टकडून मागच्या वेळचीच गोळी मागून आणायची. शेकाने काही बिघडत नाही. त्या गोळीने मात्र बिघडू शकते.

गळू आणि केसतूड करणारा प्रमुख जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ. दर दहा निरोगी माणसांपैकी साधारण तिघांच्या नाकपुडीत तो काहीही त्रास न देता राहत असतो. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफसाठी १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन हे औषध आले आणि १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये त्यालाही दाद न देणारा जंतू सापडला, तोच एमआरएसए. मेकए नावाच्या जनुकामुळे त्याच्या पेशीच्या बाहेरच्या भिंतीची बांधणी करणारे एक प्रथिन बदलते, त्यामुळे अमॉक्सिसिलिन क्लॅव्हुलॅनेटसह घेतले तरी किंवा सेफिक्झिम घेतले तरी ही प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत.

भारतातील १५ मोठ्या रुग्णालयांनी २००८ आणि २००९ मध्ये तपासलेल्या स्टॅफच्या नमुन्यांपैकी सुमारे ४१ टक्के नमुने एमआरएसए निघाले होते. हा आकडा वाचताना सावध राहावे, कारण तो शंभर माणसांमधला नसून, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पोचलेल्या शंभर स्टॅफ-नमुन्यांमधला आहे. तरीही अंदाजाने दिलेले औषध किती वेळा वाया जाऊ शकते, हे त्यातून कळते.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी स्वतःची माहिती कागदावर लिहून न्यावी: गेल्या वर्षभरात रुग्णालयात भरती, शस्त्रक्रिया किंवा डायलिसिस झाले का, लघवीची नळी लावली होती का, मधुमेह आहे का, आणि गेल्या काही महिन्यांत कोणती प्रतिजैविके किती दिवस घेतली. या गोष्टींवरून एमआरएसएची शंका घेता येते. मात्र रुग्णालयाची पायरीही न चढलेल्या धडधाकट माणसांनाही एमआरएसए होतो. त्यासाठी खरचटलेली त्वचा, अंगाला अंग लागणे, दाटीची राहणी आणि एकमेकांच्या वस्तू वापरणे एवढे पुरते. कबड्डीच्या मॅटवर गुडघे सोलवटून घेणारी मुले, वाशीच्या बाजार समितीत खांद्यावर पोती वाहणारे माथाडी, एका खोलीत पाच-सहा जण राहणारे भाडेकरू यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. लोकलच्या दांडीची आपल्याला भीती वाटते, परंतु माझ्या मते न्हाणीघरातल्या खुंटीवरचा सगळ्यांचा एकच टॉवेल त्याहून अधिक काळजीचा आहे.

गळू स्वतः कधीही पिळू नये. पू साठला असेल तर तो डॉक्टरांनी चिरा देऊन काढणे हाच मुख्य उपचार असतो. लहान गळू अनेकदा तेवढ्यानेच बरे होते आणि प्रतिजैविक हवे की नको हे डॉक्टर ठरवतात. गळू दुसऱ्यांदा झाले असेल किंवा आधीच्या गोळीने उतरले नसेल, तर तोच पू, शक्यतो नवे प्रतिजैविक सुरू होण्याआधी, कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीसाठी, म्हणजे जंतू कोणता आणि त्यावर कोणते औषध चालते हे पाहणाऱ्या तपासणीसाठी, पाठवण्याची विनंती आपणहून करावी. अहवाल यायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. त्यात स्टॅफ ऑरियसखाली सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकासमोर ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा) असेल, तर तो जंतू एमआरएसए आहे असे समजावे. हा अहवाल फाईलमध्ये जपून ठेवावा आणि पुढे कोणत्याही डॉक्टरांना, विशेषतः शस्त्रक्रियेपूर्वी, आठवणीने दाखवावा.

घरात जखम कोरड्या पट्टीने पूर्ण झाकावी, पट्टी बदलण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत, आणि टॉवेल, वस्तरा, अंथरूण प्रत्येकाचे वेगळे ठेवावे. कपडे गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावेत. पावसाळ्यात इथे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात, तेव्हा इस्त्री फिरवावी. नाकात लावायचे म्युपिरोसिन हे प्रतिजैविक मलम सल्ल्याशिवाय वापरू नये, कारण त्यालाही जंतू सरावतो.

ताप आला, लाली झपाट्याने पसरू लागली, गळू नाकाजवळ किंवा डोळ्याजवळ असले, किंवा रुग्ण तान्हे बाळ अथवा मधुमेही असला, तर अहवालाची वाट पाहत बसू नये. अशा वेळी त्याच दिवशी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, वाशीच्या महापालिका रुग्णालयात किंवा जवळ असेल त्या रुग्णालयात जावे.