सात शब्दांच्या विनोदाचा कीस

वर्तमानपत्रातली चित्रपट्टी वाचायला दहा सेकंद पुरतात. तिचा कीस काढायचा तर एक मोकळी दुपार हाताशी ठेवा. सरावासाठी जिम डेव्हिस यांच्या 'गारफिल्ड' या बोक्याच्या मालिकेतली 27 जुलै 1978 ची पट्टी उत्तम. पहिल्या चौकटीत बोक्याचा मालक जॉन पेपर वाचतोय, संवाद नाही. दुसरीत तो शेजारच्या टेबलावर हात ठेवून विचारतो, 'माझा पाइप कुठे बरं गेला?' तिसरीत बोका पाइप ओढतोय आणि चौकटीबाहेरून जॉनची आरोळी येते, 'गारफिल्ड!' मूळ इंग्रजीत एकूण शब्द सात.

रविवारची पट्टी नवख्याने घेऊ नये. तिच्यातली वरची ओळ जागा कमी पडली की गाळता यावी, अशी आखलेली असते. नेमक्या त्याच ओळीवर सिद्धान्त उभारला, तर कात्री लागताच तो कोसळतो.

पट्टी ए-फोर कागदावर आडवी छापा, म्हणजे एकेक चौकट साधारण 9 सेंटिमीटर रुंद येते. एक जाड पुठ्ठा आणि पेन्सिल जवळ असू द्या. पुठ्ठा अशासाठी, की पहिली चौकट वाचताना नजरेच्या कडेला तिसरी दिसतेच आणि विनोद आधीच फुटतो. एकेक चौकट उघडत जा.

आता झाकून बघण्याची परीक्षा. पहिली चौकट झाका: प्रश्न कळतो, बोकाही कळतो, पण लय जाते. ती शांतता नमनाचं तेल आहे, आणि इथे ते घडाभर नाही. दुसरी झाका: पाइप ओढणारा बोका उरतो, चोरी उरत नाही. मग शेवटची आरोळी तेवढी झाका. चित्र एकट्यानेही हसवतं, म्हणजे आरोळी फालतू? इथेच बहुतेकजण घाईने 'हो' लिहून मोकळे होतात. जॉन त्या चौकटीत नाही. त्याने बोक्याला पाहिलं की न पाहताच ओळखलं, हे चित्र सांगत नाही. न पाहता ओळखलं असेल, तर हे घरात आधीही घडलेलं आहे. एका शब्दाने पट्टीला मागचा इतिहास मिळतो. आणखी एक नोंद करा: बोक्याच्या डोक्यावर विचाराचा फुगा नाही. पुढे ज्या टोमण्यांवर ही मालिका तरली, त्यातला एकही इथे नाही.

मग तारखा तपासा. ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत फलदायी. मालिका सुरू झाली 19 जून 1978 ला, म्हणजे ही पट्टी 39व्या दिवसाची. ओडी हा कुत्रा अवतरला 8 ऑगस्टला, त्याचा मालक लायमन त्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे 27 जुलैच्या वाचकाला ठाऊक असलेल्या या घरात संशयित एकच! 'पाइप कुठे गेला' यात रहस्य असं काही नाहीच. चोर कोण, याला हसायचं नसून तो किती निवांत आहे, याला हसायचं आहे. ओडीला गृहीत धरून लिहिलेलं विश्लेषण इथे सपशेल चुकतं. पुढच्या काळातला, दोन पायांवर चालणारा गारफिल्ड मनात धरून हे जुनं चित्र वाचणं हीसुद्धा त्याच जातीची चूक.

पात्र पुसून पाहायची परीक्षाही करा. 2008 साली 'गारफिल्ड मायनस गारफिल्ड' या प्रयोगात बोका काढून टाकला, तेव्हा एकट्याने बडबडणारा, बराच केविलवाणा जॉन उरला. आपल्या पट्टीत मात्र ही युक्ती फसते: बोका गेला की शेवटच्या चौकटीत पाहण्यासारखं काही राहतच नाही.

कीस कुठे थांबवावा? 2017 मध्ये याच पट्टीवर तासाभराहून लांब स्वगताची चित्रफीत निघाली, तेव्हा लांबीची मर्यादा अशी नाही. पण एक खूण लक्षात ठेवा. 23 ते 28 ऑक्टोबर 1989 च्या सहा पट्ट्यांत गारफिल्ड ओसाड घरात जागा होतो. त्यावरून काहींनी ठरवलं की बोका उपाशी मरतोय आणि बाकीच्या साऱ्या पट्ट्या त्याचे भास आहेत. असा अर्थ कुठल्याही पट्टीला बसवता येतो, म्हणून तो एकीलाही नीट बसत नाही. तुमचं वाक्य शेजारच्या दिवसाच्या पट्टीखाली ठेवून पाहा. तिथेही जसंच्या तसं चाललं, तर खोडा आणि पुन्हा पुठ्ठा उचला.