गोव्याच्या पावसात बंदुकीला गंज धरतो तो कुठून? या चुका टाळा

वाळपईला पावसाने इंचांचं शतक ओलांडलं की घरोघरी तेच ऐकू येतं: कपाट बंद होतं, बंदूक कोरडी होती, तेलही लावलं होतं, तरी नळीवर लाल ठिपके. सत्तरी, सांगे, काणकोणच्या कुळागरांत शेतीरक्षणासाठी घेतलेली बाराबोर असो की आजोबांच्या नावावरून वारशाने आलेली ठासणीची, कारणं बहुतेक वेळा सारखीच निघतात. गंजाला पाऊस अंगावर पडावा लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की साध्या पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि गंजाचा वेग वाढतो. त्यात मीठ असेल तर आणखी वाईट. मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास हवेतलं पाणी ओढून स्वतःच पातळ होतं, आणि जुलैत आपल्याकडे आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वर असते. हे मीठ बार्देश-सालसेतच्या किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर येतं, आतल्या भागात हाताच्या घामातून.

हात लावण्याआधी एक गोष्ट: नळी उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं त्या जागा) डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात ठेवा.

बंद कपाट म्हणजे कोरडं कपाट नव्हे

सगळ्यात मोठी चूक हीच. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते आणि ते आतल्या बाजूला सोडत राहते. तिला टेकवलेल्या लोखंडी कपाटाची पाठ थंड राहते आणि आतल्या हवेतला ओलावा आधी तिथेच धरतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान चार बोटं पुढे ओढा. आतली भिंत मिळाली तर उत्तम. खाली लाकडी पट्ट्या द्या. बंदूक पत्र्याला टेकू देऊ नका.

पावसात ‘जरा वारा लागू दे’ म्हणून दार उघडं ठेवणंही चुकीचंच. २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. दार उघडलं की ती हवा आत आली. वारा द्यायचा तर उघडीप पडलेल्या, कडक उन्हाच्या दुपारी, तोही आधी मोजून. पाच-सहाशे रुपयांपर्यंतचा छोटा डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवा. तो खरं सांगतो का हे घरीच तपासता येतं: झाकणात चमचाभर मीठ घेऊन थेंबथेंब पाण्याने ओलसर लगदा करा (मीठ पूर्ण विरघळू देऊ नका), मापकासह घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या जवळ हवा. ७० दाखवला तर तुमचा मापक पाच कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचा. कपाटात ४५ ते ५० टक्के हे लक्ष्य ठेवा. पोलादाला ते पुरतं आणि लाकडी दस्ता सुकून चिरतही नाही.

सिलिका जेल: किती आणि कोणतं

बुटांच्या खोक्यातल्या दोन-चार पुड्या टाकून निर्धास्त होणारे बरेच आहेत. हिशेब करून बघा. ६० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल आणि १८० उंच कपाटात जवळजवळ अर्धा घनमीटर हवा मावते. ती ९० वरून ५० टक्क्यांवर आणायला साधारण पाच ग्रॅम पाणी काढावं लागतं. सिलिका जेल या आर्द्रतेत आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरतं असं धरून चाला, म्हणजे पाच ग्रॅमची पुडी धरणार एक ग्रॅम. शिवाय दाराच्या फटीतून रोज नवी हवा येते, दस्त्याचं लाकूड आणि कपाटातले कपडेही आपला ओलावा सोडतात. म्हणून अशा कपाटाला अर्धा किलो जेल जाळीदार पिशव्यांतून ठेवा आणि दाराच्या कडेला रबराची पट्टी चिकटवा. पट्टी नसेल तर जेल सगळ्या खोलीची हवा सुकवत बसतं.

रंग बदलणारं जेल घ्या. केशरी जेल भरलं की हिरवट होतं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका. पावसात दर पंधरवड्याला रंग पाहा आणि जेल भरलं असेल तर ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास सुकवा. तापमान त्याच्या पुढे नेलं तर रंग मरतो, मग ते भरलं की नाही हे कळत नाही.

बाजारात कपाटासाठी मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र बंदुकीजवळ अजिबात नकोत. ते ओलावा ओढतात आणि खालच्या भांड्यात खारट पाणी साठवतात. डबा कलंडला तर तेच पाणी नळीवर.

वीज असेल तर कपाटाच्या तळाला कमी वॅटची गरम होणारी डिह्युमिडिफायर दांडी हा चांगला उपाय. हवा २७ वरून ३२ अंशांवर गेली तरी ९० टक्के आर्द्रता ६७ च्या आसपास उतरते, आणि उरलेलं काम जेल करतं. पूर्वी लोक कपाटात पिवळा बल्ब लावत. त्याच्या जागी एलईडी लावला तर ऊब मिळतच नाही, आणि उघडा पिवळा बल्ब कापडाला टेकला तर आग. दोन्ही टाळा.

तेल: चुकीचं, जास्त आणि चुकीच्या वेळी

घरात खोबरेल असतं म्हणून तेच लावलं जातं. कृपा करून लावू नका. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे चापाच्या आतल्या कळांत मेणासारखं बसतं. काही महिन्यांत खवट होऊन आम्ल सोडतं आणि चिकट थर धरतं. गाडीचं जळकं ऑइल त्याहून वाईट, त्यात जळणातून आलेली आम्लं असतात. रॉकेल मळ काढतं, पण उडून गेल्यावर राखण करायला काही उरत नाही. डब्ल्यूडी-४० मधली डब्ल्यू आणि डी ही अक्षरं पाणी हटवण्यासाठीच्या इंग्रजी शब्दांवरून आली आहेत. त्या कामाला ते उत्तम, पण चार महिन्यांच्या राखणीला पुरत नाही. त्यावर बंदुकीचं किंवा गंजरोधक तेल लागतंच.

पण तेल कोणतंही असो, आधी मीठ आणि पाणी गेलं पाहिजे. घामाच्या बोटांच्या ठशावर तेल फासलं तर ठसा तेलाखाली कोंडून राहतो आणि तिथेच गंज उगवतो. नळीवर नेमका बोटांच्या आकाराचा गंज दिसला तर कारण हेच. क्रम असा ठेवा: कोरडं फडकं, मग पाणी हटवणारा फवारा, पुन्हा कोरडं फडकं, आणि शेवटी फडक्यावर चार-पाच थेंब तेल घेऊन सगळ्या पोलादावर पुसट हात. ओघळ येईल इतकं तेल नको. बंदूक उभी ठेवली की ते चापाच्या जागेतून दस्त्यात उतरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं. पावसात दर पंधरा दिवसांनी हा हात फिरवा, आणि पुसताना सुती हातमोजे घाला.

लपलेल्या जागा विसरू नका: नळीखालचं लाकूड काढल्यावरची बाजू, पोलाद आणि लाकूड भेटतात ती रेषा, पट्ट्याच्या कड्या, काडतूस बाहेर काढणाऱ्या पट्टीच्या मागचा खाचा. वरून चकाकणारी बंदूक इथेच सडलेली सापडते.

ठासणीच्या बंदुकीला पाणी लागतं

हे ऐकून बरेचजण दचकतात. काळ्या दारूच्या काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि तेलात विरघळत नाहीत. रॉकेलने कितीही पुसा, क्षार जागेवरच. आधी गज आत घालून बुडापर्यंत जातो का ते बाहेरून नळीला लावून मोजा. भरलेली असेल तर पुढचं काम जाणत्याचं. रिकामी असेल तर केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) बसते ते निपल काढा, नळी लाकडातून सोडवा, आणि कढत पाण्यात किंचित साबण घालून चिंधीने घासा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं पाणी नुसतं कढत. त्याने नळी तापते आणि उरलेला ओलावा स्वतःच उडतो. कोमट असतानाच तेल लावा. हे बार काढला त्याच दिवशी, दुसऱ्या सकाळी नव्हे.

म्यान, एसी आणि खंडेनवमी

चामड्याच्या म्यानात किंवा स्पंजच्या पेटीत बंदूक पावसाळा काढू नये. दोन्ही ओलावा धरतात, आणि चामड्यात कमावतानाचे क्षारही असतात. पेटी प्रवासापुरती. साठवायला व्हीसीआय, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणारा, कागद किंवा पिशवी वापरा.

एसीच्या २२ अंशांच्या खोलीतून बंदूक पडवीत आणली तर तिच्यावर दव धरतंच, कारण पावसाळी हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. पेटी बंद ठेवून तासभर थांबा, मग उघडा.

खंडेनवमीला शस्त्राची पूजा व्हायलाच हवी. पण ओलं हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या पोलादावर रात्रभर राहिल्या तर दसऱ्याच्या सकाळी तिथे डाग असतो. टिळा दस्त्याच्या लाकडावर लावा, पाणी नळीवर शिंपडू नका, आणि आरतीनंतर त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात द्या.

निवडणुकीत जमा केलेली बंदूक

२०२४ मध्ये गोव्यात लोकसभेचं मतदान ७ मे रोजी झालं आणि निकाल ४ जूनला लागला, म्हणजे आचारसंहितेत जमा केलेल्या बंदुका परत येण्याची वेळ पाऊस सुरू होण्याशी जुळली. जमा करताना नेहमीपेक्षा जाड गंजरोधक तेल लावून व्हीसीआय कागदात गुंडाळा आणि पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घ्या. परत आल्यावर कागदासकट कपाटात ठेवू नका. त्याच दिवशी उघडून पुसा.

गंज आलाच तर

चिंच, लिंबू, सोलं यांनी तांब्याची भांडी लखलखतात, बंदूक नाही. आम्ल गंजाबरोबर नळीची काळी-निळी झळाळीही खातं. पॉलिश पेपरही नको. ठिपक्यांवर तेल सोडून पाच-सहा तास थांबा, मग सगळ्यात बारीक, म्हणजे चार शून्यांच्या पोलादी लोकरीने तेलातच हलक्या हाताने घासा. लाल पूड निघून खाली पृष्ठभाग गुळगुळीत लागला तर काम झालं. नख अडकलं तर तो खड्डा आहे, घासून जाणार नाही.

नळीच्या आत, विशेषतः चेंबरजवळ, खड्डे दिसले तर त्या बंदुकीतून बार काढू नका. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे, परवाना सोबत घेऊन, तपासायला द्या. आणि साठवणीतून काढलेली कोणतीही बंदूक वापरण्याआधी नळीतून कोरडी चिंधी ती स्वच्छ येईपर्यंत फिरवा. आत राहिलेल्या जाड तेलाने किंवा ग्रीसने बार काढताना दाब वाढून नळी फुगू शकते.