ध्वनिप्रदूषण मोजताना या चुका टाळा

पुणे-नाशिक महामार्गावरील चाकणसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या गावांत गावठाणाला खेटून सोसायट्या उभ्या राहतात, त्यांना खेटून गॅरेज आणि मंगल कार्यालये येतात, आणि मग कोणीतरी मोबाइलवर '९२ डेसिबल' दिसणारा स्क्रीनशॉट जोडून नगरपरिषदेकडे तक्रार देतो. तक्रार रास्त असते, पण तो आकडा कुठे, किती वेळ आणि कशाने मोजला याची नोंद नसल्यामुळे ती टिकत नाही.

सर्वांत मोठी चूक क्षणिक आकडा आणि मर्यादा यांची तुलना करण्याची आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्रात अनुक्रमे ६५ आणि ५५ डेसिबल या मर्यादा आहेत. मात्र त्या ठरावीक कालावधीच्या समतुल्य ध्वनिपातळीसाठी, म्हणजे त्या काळातील ध्वनिऊर्जेच्या सरासरीसाठी आहेत, एखाद्या हॉर्नसाठी नव्हेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. त्यामुळे रात्री पावणेदहाला सुरू करून सव्वादहाला संपवलेले मोजमाप ना दिवसाचे राहते, ना रात्रीचे.

ही समतुल्य पातळी काढताना अनेक जण वाचनांची बेरीज करून भागाकार करतात, आणि इथेच सगळा हिशेब फसतो. समजा, तासातील ५५ मिनिटे ५० डेसिबल आणि उरलेली ५ मिनिटे ८० डेसिबल आवाज होता. साध्या सरासरीने उत्तर साडेबावन्न येते, म्हणजे सारे आलबेल. परंतु डेसिबल ही लॉगरिदमिक श्रेणी (दर १० डेसिबलला ऊर्जा दहापट) असल्याने ऊर्जेची सरासरी घ्यावी लागते आणि खरे उत्तर सुमारे ६९ येते. उपकरणात समतुल्य पातळी आपोआप काढण्याची सोय असेल तर तीच वापरावी. पार्श्वभूमीचा आवाज वजा करतानाही हाच धडा लागू आहे: गिरणी चालू असताना ६५ आणि बंद असताना ६० डेसिबल मिळाले, तर गिरणीचा आवाज ५ डेसिबल नव्हे, साधारण ६३ डेसिबल असतो.

उपकरण कुठे धरावे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मी स्वतः पहिल्यांदा गॅलरीच्या भिंतीला टेकून रस्त्याचा आवाज मोजला; भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाने आकडा वाढलाच, शिवाय शेजारच्या कुकरच्या दोन शिट्ट्याही त्या नोंदीत शिरल्या. आवाज मोजणारा मीटर तिपाईवर, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर आणि भिंतीपासून शक्यतो साडेतीन मीटर दूर ठेवावा, आपणही त्याच्यापासून बाजूला उभे राहावे. मायक्रोफोनवर स्पंजाचे टोपण हवेच, आणि वारा जोराचा असेल तर त्या दिवशी मोजू नये.

डीजेच्या बाबतीत आणखी एक अडचण हमखास येते: खिडकीची तावदाने थरथरतात, छातीत धडधडते, तरी मीटर मात्र बेताचाच आकडा दाखवतो. उपकरण बिघडलेले नसते. नियमांतील मर्यादा 'ए' भारांकनात, म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार आकडा कमी-जास्त करणाऱ्या मापनात आहेत, आणि हे भारांकन ६३ हर्ट्झच्या खर्जातील आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा करते. अशा वेळी 'ए'सोबत, खर्ज फारसा न कापणाऱ्या 'सी' भारांकनातील वाचनही घ्यावे. दोहोंत मोठा फरक दिसला तर त्रासाचे मूळ खर्जात आहे, हे तक्रारीत स्पष्ट मांडता येते.

मोबाइल अ‍ॅप कुतूहलापुरते ठीक आहे. दोन फोन शेजारी ठेवून पाहा, आकडे बहुधा जुळत नाहीत. मोठ्या आवाजाला तर काही फोनचे मायक्रोफोन दबून जातात. मीटर असला तरी मोजणीपूर्वी आणि नंतर कॅलिब्रेटर (ठरावीक पातळीचा आवाज देणारे छोटे उपकरण) लावून तो ९४ डेसिबल बरोबर दाखवतो का, हे पाहावे लागते. आधी ९४ आणि नंतर ९२ दिसले, तर मधली सगळी वाचने बाद समजून मोजणी पुन्हा करावी, मग रात्र कितीही झालेली असो.